डोक्यावरचा आघात गणितात बसवताना : कामाच्या नोंदी

काम तीन टप्प्यांचं आहे. पहिल्यात डोक्याएवढ्या वजनाचा गोळा थर्मोकोलवर टाकून त्वरण मोजायचं आणि ते साध्या स्प्रिंगच्या मॉडेलमधून काढून दाखवायचं. दुसऱ्यात डोकं झटक्याने फिरलं तर आतला मऊ मेंदू किती पिळवटतो ते जिलेटिनच्या ताटलीत पाहायचं. तिसऱ्यात कवटी आणि मेंदूचं त्रिमितीय फायनाइट एलिमेंट मॉडेल (वस्तूचे बारीक तुकडे, म्हणजे घटक, करून संगणकावर सोडवायचं). साहित्याचा खर्च २०,७२० रुपये झाला, वेळ पावणेचार महिने. यातले निदान पाच आठवडे अशा चुकांत गेले ज्या ही नोंद वाचणाऱ्याला टाळता येतील.

हा बेंच आयएस ४१५१ ची, म्हणजे दुचाकीच्या हेल्मेटच्या भारतीय मानकाची, चाचणी नाही. यावरून कुठल्याही हेल्मेटला चांगलं-वाईट म्हणू नये.

३ फेब्रुवारी

टाकणीचा सांगाडा उभा केला. २० मिमी जाडीचे दोन गुळगुळीत शाफ्ट, दोन मीटर उंच, त्यावर बेअरिंगवर सरकणारी चौकट (५,४०० रुपये). खाली काँक्रीटवर ३०० × ३०० × २० मिमी लोखंडी प्लेट, भंगारातून, ९२० रुपये. डोक्याच्या जागी नायलॉनचा अर्धगोल, त्रिज्या ८० मिमी, लेथवर काढून घेतला. नुसता नायलॉन सव्वा किलोच भरतो, म्हणून मागे अॅल्युमिनियमची प्लेट आणि लोखंडी वजनं बसवून चौकटीसकट नेमके ५.० किलो केले. सोडायला दाराचं मॅग्नेटिक लॉक. हाताने दोरी सोडली की चौकट तिरपी होते आणि बेअरिंग घासतात.

उंची १.५ मीटर. सूत्राने वेग ५.४२ मीटर/सेकंद यायला हवा. चौकटीला २५ मिमी रुंद पत्र्याची पट्टी लावून ती आघाताच्या जरा आधी इन्फ्रारेड गेटमधून जाऊ दिली. किरण ४.९ मिलिसेकंद अडला, म्हणजे वेग ५.१ मीटर/सेकंद. घर्षणात गेलेला हा फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जेत तो १३ टक्के आहे. उंचीवरून वेग काढला असता तर पुढचं ऊर्जेचं प्रत्येक गणित तेवढ्याने चुकलं असतं. वेग मोजावाच.

पाच किलोचं वजन दीड मीटरवरून येतं. खाली हात घालण्याआधी शाफ्टमध्ये आडवी पिन टाकायची. पिन नाही तर काम नाही.

९ फेब्रुवारी

त्वरण मोजणारा सेन्सर एडीएक्सएल३७५, कक्षा अधिक-उणे २०० जी. (इथे 'जी' म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या पटीतलं माप.) सोबत आकडे वाचायला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर. दोन्ही मिळून ३,१०० रुपये.

पहिल्या आठ टाकण्या वाया गेल्या. दोन कारणं सापडली. एक, सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने लावला होता. आलेखावर मुख्य उंचवट्याच्या अंगावर दातेरी लाटा होत्या. ती डोक्याची हालचाल नव्हतीच, पट्टीवर सेन्सर थरथरत होता. आता तो अॅल्युमिनियम प्लेटला एम३ स्क्रूने आवळला आहे, मधे सायनोअॅक्रिलेटचा पातळ थर. वायर सेन्सरपासून दोन सेंटीमीटरवरच प्लेटला बांधून टाकली, कारण लोंबती वायर चाबकासारखी ओढ देते.

दोन, सेन्सर आणि ईएसपी३२ मधली जोडणी आय-स्क्वेअर-सी या संथ पद्धतीची होती. त्या वेगाला सेकंदाला ८०० च्या आसपास नमुने मिळतात. दहा मिलिसेकंदांच्या आघातात आठच ठिपके! शिखर नेमकं दोन ठिपक्यांच्या मधे हरवायचं. एसपीआय या वेगवान पद्धतीने, ५ मेगाहर्ट्झवर जोडल्यावर ३,२०० नमुने मिळू लागले.

तरी हेही पुरेसे नाहीत. एसएई जे२११ या आघात-चाचणीतल्या मोजमापांच्या मानकाप्रमाणे डोक्याच्या त्वरणाला सीएफसी १००० नावाची गाळणी (नको त्या वेगवान लाटा काढणारी) लागते आणि त्यासाठी सेकंदाला किमान १०,००० नमुने हवेत. म्हणून आपले आकडे फक्त आपल्या मॉडेलशी ताडून पाहण्यापुरते.

१४ फेब्रुवारी

एचआयसी, म्हणजे त्वरणावरून डोक्याच्या इजेचा अंदाज देणारा आकडा, काढणारा प्रोग्राम. व्याख्या सोपी आहे : आघाताच्या आलेखातली एक खिडकी घ्यायची, त्या खिडकीतलं सरासरी त्वरण काढायचं, त्याचा २.५ वा घात करायचा, खिडकीच्या लांबीने गुणायचं. ज्या खिडकीला हा आकडा सर्वांत मोठा येतो तो एचआयसी. खिडकी १५ मिलिसेकंदांपर्यंत मर्यादित ठेवली तर एचआयसी१५. मोटारींच्या अमेरिकन नियमात मध्यम उंचीच्या पुरुषाच्या डमीला त्याची मर्यादा ७०० आहे.

त्वरण जी मध्ये आणि वेळ सेकंदांतच घालायची. वेळ मिलिसेकंदांत गेली तर उत्तर हजारपट, त्वरण मीटर/सेकंद वर्गात गेलं तर ३०१ पट. हजारपटीची चूक डोळ्यांना दिसते. पण कोणी दोन्ही चुका करून वर 'दुरुस्ती'चा गुणक लावला की काहीच दिसत नाही.

प्रोग्राम तपासायला तयार उत्तर असलेला आघात द्यावा. शिखर १०० जी, लांबी १० मिलिसेकंद, आकार अर्ध्या साइन लाटेचा : एचआयसी ४१४.६ यायला हवा आणि खिडकी ६.७ मिलिसेकंदांची निघायला हवी. तसाच चौकोनी आघात, १०० जी आणि १० मिलिसेकंद : बरोबर १०००. आपला प्रोग्राम पहिल्याला ३९८ देत होता. क्षेत्रफळ आयतांनी मोजलं होतं आणि एक टोक सुटत होतं. समलंब चौकोनांनी मोजल्यावर ४१४ आला.

२० फेब्रुवारी

बांधकामाच्या दुकानातून आणलेल्या थर्मोकोलवर टाकण्या. घनता २० किलो/घनमीटर, जाडी ४० मिमी. प्रत्येक वेळी आलेख वर जाऊन सपाट होतो : सलग पाच नमुने २०० जी वर चिकटलेले. सेन्सरची मर्यादा संपली आणि खरं शिखर कुठे गेलं ते कळायला मार्ग नाही. अशा आलेखातून काढलेला एचआयसी निव्वळ खोटा, तो वहीत लिहायचाच नाही.

कारण हिशोबात लगेच दिसतं. पाच किलो, ५.१ मीटर/सेकंद, म्हणजे ६५ ज्यूल. या थर्मोकोलचा दबताना टिकणारा ताण सुमारे ०.१५ मेगापास्कल. ६५ ज्यूल रिचवायला गोळा ४६ मिमी आत जायला हवा, आणि जाडी आहे ४०. गोळा थर्मोकोल संपवून लोखंडावर आदळत होता. हा हिशोब आधी केला असता तर सात शीट वाचली असती.

२ मार्च

पॅकिंगवाल्याकडून ५० किलो/घनमीटर घनतेचा थर्मोकोल, ४० मिमी. एका कॉलेजच्या यूटीएमवर (पदार्थ दाबून-ताणून तपासायचं यंत्र) ५० × ५० × ४० मिमीचा तुकडा हळू दाबून घेतला (१,५०० रुपये). टिकाऊ ताण ०.४२ मेगापास्कल.

मॉडेल : बल म्हणजे हा ताण गुणिले टेकलेलं क्षेत्रफळ. गोल पृष्ठभाग जसजसा रुततो तसं क्षेत्रफळ रुतण्याच्या प्रमाणात वाढतं, दोन पाय (π) गुणिले त्रिज्या गुणिले खोली. म्हणजे ही सरळ स्प्रिंगच झाली, कडकपणा २११ किलोन्यूटन/मीटर. शिखर त्वरण काढायला कडकपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढायचं आणि त्याला वेगाने गुणायचं : १०७ जी.

सहा टाकण्यांत मोजलेलं १०३ ते १०८, सरासरी १०५. इथेच थांबायचा मोह होता.

थर्मोकोलवर कार्बन पेपर ठेवून पुन्हा टाकला. पांढऱ्या खळग्यात काळा गोल उमटला, कड इतकी स्वच्छ की पट्टीने मोजता येईल : व्यास ११४ मिमी. मॉडेलप्रमाणे तो १२६ असायला हवा होता. एकावर एक दोन चुका बसल्या होत्या. क्षेत्रफळाचं सोपं सूत्र उथळ खळग्यापुरतं खरं. २४ मिमी खोलीला ते १५ टक्क्यांहून जास्त फुगतं. नेमकं सूत्र घातलं की शिखर १०७ वरून ९५ वर येतं. उलट थर्मोकोल यूटीएमवर हळू दाबला होता, आणि आघातात तो जास्त कडक वागतो. ताण ०.४२ ऐवजी ०.५० घेतला की शिखर १०४ जी, खोली २४ मिमी आणि व्यास ११४ मिमी, तिन्ही एकदम जुळतात. आधीचं १०७ हे चुकीने चूक फिटून आलेलं उत्तर होतं.

खोली जाडीच्या ६० टक्के झाली आहे. याच्यापुढे थर्मोकोलच्या पेशी पूर्ण चेपल्या जाऊन तो झपाट्याने कडक होतो आणि हे मॉडेल लागू राहत नाही. या जाडीला उंची १.५ मीटरच्या वर नेऊ नये.

एचआयसी ४७० ते ५१०.

१० मार्च

एचआयसी सातशेच्या आत आला म्हणून मेंदू सुखरूप, असं म्हणता येत नाही. या सांगाड्यात डोकं सरळ रेषेत येतं आणि जरासुद्धा फिरत नाही. एचआयसीत फिरण्याला जागाच नाही.

मेंदू सर्व बाजूंनी दाबायला पाण्याइतका कडक आहे, बल्क मॉड्युलस दोन गिगापास्कलच्या थोडा वर. पिळायला मात्र तो जिलेटिनसारखा, शिअर मॉड्युलस काही किलोपास्कल. दोघांत सुमारे दहा लाखपटीचं अंतर. म्हणून सरळ धक्क्यात तो फारसा आकार बदलत नाही, आणि कवटी झटक्याने फिरली की आतल्या आत पिळवटतो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी हे १९४३ मध्येच मांडलं होतं, जिलेटिनचीच मॉडेलं करून. मज्जातंतूंना मेंदूभर विखरून होणारी इजा समजून घ्यायची तर हाच पिळवटा मोजायला हवा.

सर्वांत स्वस्त मॉडेल : कडक भिंतीचा गोल डबा, आत मऊ पदार्थ, डबा अक्षाभोवती फिरतो. अज्ञात एकच, प्रत्येक त्रिज्येवर पदार्थ किती सरकला. समीकरणही एकच आणि ते लॅपटॉपवर सेकंदात सुटतं. डब्याची त्रिज्या ७० मिमी घेतली, मेंदूच्या अर्ध्या रुंदीच्या जवळपास.

१५ मार्च

प्रोग्राम तीनदा फुटला.

केंद्राशी त्रिज्येने भागाकार आहे, तिथे शून्य. उपाय : सरकणं गाठींवर (गणितासाठी त्रिज्येवर घेतलेले बिंदू) आणि ताण दोन गाठींच्या मधोमध ठेवायचा, केंद्रावरची गाठ हलू द्यायची नाही.

पुढे आकडे अनंताकडे. गाठींमधलं अंतर १ मिमी, शिअर लाटेचा (पिळवटा पदार्थातून पुढे सरकतो त्याचा) वेग १.४ मीटर/सेकंद, म्हणजे वेळेची पायरी ०.७ मिलिसेकंदापर्यंत चालावी असा हिशोब होता. पण चिकटपणाची स्वतंत्र मर्यादा असते : अंतराचा वर्ग गुणिले घनता, भागिले चिकटपणाची दुप्पट. २ पास्कल-सेकंदाला ती ०.२५ मिलिसेकंद निघते. अंतर अर्धं केलं की ही पायरी एकदम चौथाई होते. पायरी ०.०५ ठेवली, पुन्हा त्रास नाही.

तिसरी अडचण प्रोग्रामची नव्हती, आपल्या समजुतीची होती. तपासणीसाठी नेमकं उत्तर आहे : कोनीय त्वरण स्थिर असेल तर भिंतीशी शिअर स्ट्रेन (पदार्थ किती पिळवटला याचं प्रमाण) = घनता × त्वरण × त्रिज्येचा वर्ग ÷ (४ × शिअर मॉड्युलस). १०० रेडियन/सेकंद वर्ग, १,०२० किलो/घनमीटर आणि २ किलोपास्कलला ०.०६२५. प्रोग्राम जवळजवळ दुप्पट दाखवत होता. दोन दिवस समीकरण तपासण्यात गेले. त्वरण एका क्षणात लावलं होतं, त्यामुळे पदार्थ पलीकडे जाऊन परत झुलत होता. हे खरंच तसं होतं. अर्ध्या सेकंदात हळूहळू लावलं आणि ०.०६२५ वर स्थिरावलं.

२४ मार्च

जिलेटिनची ओतणी. अॅक्रिलिकची ताटली, आतून त्रिज्या ७० मिमी, थर ४० मिमी, एकूण ६१६ मिली. ५ टक्क्यांना ३१ ग्रॅम जिलेटिन पावडर आणि ५८५ मिली पाणी.

कृती : पावडर गार पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, फुगली की ६० अंशांपर्यंत तापवायची, फेस चमच्याने काढायचा, ओतायची, फ्रिजमध्ये १४ तास. पहिली ओतणी उकळली होती. ती सैल झाली, बोटाने हलवली तरी चिरत होती. उकळल्याने जिलेटिनची जोडणी तुटते. दुसरी नीट जमली, पण ताटली फिरवताच गुळगुळीत भिंतीवरून सुटून सगळी एकत्र फिरली. भिंत आतून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उभी-आडवी खरवडल्यावर धरून राहिली. तयार ओतणी दोन दिवसांत वापरून संपवायची, तिसऱ्या दिवशी वास येतो.

वरच्या पृष्ठभागावर केंद्रापासून भिंतीपर्यंत आठ रेघा, वॉटरप्रूफ शाईने, बारीक ब्रशने. साधी शाई तासाभरात पसरते.

२ एप्रिल

ओतणीचा शिअर मॉड्युलस मोजायला महागडं यंत्र लागत नाही. ताटलीला हलका हिसका देऊन थांबवायचं आणि आतलं जिलेटिन किती वेळा झुलतं ते सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनवर मोजायचं. झुलण्याचा दर गुणिले दोन पाय गुणिले त्रिज्या, भागिले ३.८३२ : हा शिअर लाटेचा वेग. त्याचा वर्ग गुणिले घनता म्हणजे मॉड्युलस.

दर १५.० हर्ट्झ आला, मॉड्युलस ३.० किलोपास्कल. हा चुकला होता. सूत्र फक्त कडेने धरलेल्या पदार्थाचं आहे आणि आपलं जिलेटिन तळालाही चिकटलं होतं. तळाचा धर हिशोबात घेतला तर ४० मिमी थराला दर १.२३ पट वाढतो. म्हणजे खरा दर १२.२ आणि खरा मॉड्युलस २.० किलोपास्कल. दीडपटीची चूक, आणि ती कुठेही डोळ्यांना दिसत नव्हती.

खात्रीसाठी तळाला व्हॅसलीन, त्यावर क्लिंग फिल्म आणि वर नवी ओतणी, म्हणजे तळ सरकता. दर १२.४ हर्ट्झ. दोन्ही वाटा जुळल्या.

६ एप्रिल

दुपारी खोलीत ३४ अंश. फ्रिजमधून काढल्यावर लगेच १२.४ हर्ट्झ, २५ मिनिटांनी १०.९. मॉड्युलस दराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे २३ टक्के उतरला. आता प्रत्येक चाचणीच्या लगेच आधी आणि नंतर हिसक्याचा दर मोजायचा आणि पाच मिनिटांत काम उरकायचं. पहाटे सहाला केलेलं सर्वांत बरं.

१३ एप्रिल

ताटली बेअरिंगच्या टर्नटेबलवर, दोरीला वजन बांधून फिरवली, अडसरावर थांबवली. वेग एमपीयू६०५० जायरोने (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर). त्याची मर्यादा ३४.९ रेडियन/सेकंद आहे.

पहिली चाचणी २० रेडियन/सेकंदाची. जिलेटिन भिंतीपासून फाटून निघालं. कागदावर आधी पाहायला हवं होतं : भिंतीशी वेग १.४ मीटर/सेकंद, शिअर लाटेचा वेगही १.४, म्हणजे स्ट्रेन सुमारे १. आता ६ रेडियन/सेकंद, थांबायला ८ मिलिसेकंद. मॉडेलचं शिखर ०.२७. व्हिडिओत रेघ मधे सरळ राहते आणि शेवटच्या सेंटीमीटरभरात हुकासारखी वळते. वळणाचा कोन साडेतेरा ते साडेचौदा अंश, म्हणजे स्ट्रेन ०.२४ ते ०.२५. मोजणी कडेच्या ५ मिमीवर सरासरी होते, म्हणून ती थोडी कमी. मॉडेलचीही तेवढ्याच पट्टीवर सरासरी घेतली तेव्हा ०.२५ आला.

दोन चित्रांत ४.२ मिलिसेकंद जातात, शिखर दोन चित्रांत निसटतं. दोन एलईडी फ्लडलाइट लावून शटर लहान केल्याशिवाय रेघ नुसती धूसर पट्टी दिसते.

यातून एक गोष्ट हातात आली. आघात पदार्थाच्या झुलण्याच्या वेळेपेक्षा (इथे ८० मिलिसेकंद) खूप छोटा असेल, तर स्ट्रेन कोनीय वेगातल्या बदलावर ठरतो. खूप लांब असेल तर कोनीय त्वरणावर. मेंदूच्या इजेचा अंदाज देणाऱ्या २०१३ च्या 'ब्रिक' निकषात फक्त कोनीय वेग का आहे ते इथे नीट समजतं. त्यात तीन अक्षांच्या मर्यादा ६६.२५, ५६.४५ आणि ४२.८७ रेडियन/सेकंद आहेत. सर्वांत कमी मर्यादा उभ्या अक्षाभोवती, म्हणजे मान नकारार्थी हलवताना डोकं फिरतं तशी.

२२ एप्रिल

त्रिमितीय मॉडेल, ओपनरॅडिऑस या आघाताची गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. लंबगोल कवटी ७ मिमी जाडीची, आत द्रवाचा २ मिमी थर, आत मेंदू. सुमारे ९०,००० षट्फलकी (सहा बाजूंच्या ठोकळ्यासारखे) घटक. एकके किलो-मिलिमीटर-मिलिसेकंद, म्हणून ताण गिगापास्कलमध्ये. कवटी : १५ गिगापास्कल, २,००० किलो/घनमीटर. वेळेची पायरी कवटीच ठरवते, १.०८ मायक्रोसेकंद. ३० मिलिसेकंदांना सुमारे २८ हजार पायऱ्या, लॅपटॉपवर पंधरा मिनिटं.

१ मे

नाहम आणि सहकाऱ्यांचा १९७७ चा प्रयोग सगळे पडताळणीला घेतात : कपाळावर ५.५९ किलोचा ठोकळा ९.९४ मीटर/सेकंदाने, कपाळामागे दाब १४१ किलोपास्कल, मागच्या बाजूला सुमारे उणे ६०. आपलं मॉडेल कपाळामागे १४८, मागे उणे ११२. मागचा फरक समजण्याजोगा आहे, आपल्या कवटीला खाली मज्जारज्जूचं भोकच नाही. पुढचा दाब पाच टक्क्यांत. वहीत 'पडताळणी झाली' असं लिहिलं.

१० मे

ती नोंद खोडली.

आज पहिल्यांदा मॉडेल फिरवून पाहिलं, शिखर ३,००० रेडियन/सेकंद वर्ग. केंद्र आणि कवटीच्या मधोमध मेंदू कवटीच्या तुलनेत ०.०३ मिमी सरकला. हार्डी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या मेंदूत बारीक खुणा ठेवून वेगवान क्ष-किरणांनी केलेल्या प्रयोगांत (२००१, २००७) सरकणं काही मिलिमीटरचं आहे. ताटलीच्या मॉडेलमध्येही तसंच. शंभरपटीहून जास्त फरक.

मेंदूचा शिअर मॉड्युलस ०.००२ लिहिला होता. हा मेगापास्कलमधला आकडा. फाइलला गिगापास्कल हवे, म्हणजे ०.०००००२. नऊ दिवस आपला मेंदू हजारपट कडक होता, कडक रबरासारखा, आणि तरी नाहमच्या दाबाशी जुळत होता.

दुरुस्त करून नाहमची चाचणी पुन्हा चालवली. कपाळामागचा दाब १४८ ऐवजी १४५. मॉड्युलस हजारपट बदलला तरी फक्त दोन टक्के. कारण हाताने काढता येतं : द्रवाने भरलेला कडक डबा ढकलला की दाब म्हणजे घनता गुणिले त्वरण गुणिले अर्धी लांबी. १,०४० × २,००० × ०.०८ म्हणजे १६६ किलोपास्कल. या हिशोबात मेंदूचा मऊपणा येतच नाही. दाब जुळला तर घनता, त्वरण आणि लांबी बरोबर आहेत एवढंच कळतं. पिळवट्याबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही. 'नाहमशी पडताळलेलं' मॉडेल म्हणून कोणी स्ट्रेनचे आकडे दिले तर सरकण्याची तुलना कुठे आहे ते आधी विचारावं.

एकक तपासायची सोपी युक्ती आता प्रत्येक फाइलच्या वरच लिहिली आहे : शिअर मॉड्युलसला घनतेने भागून वर्गमूळ काढा. मेंदूला एक ते तीन मीटर/सेकंद यायला हवं. आपल्या चुकीच्या फाइलला ४४ येत होतं.

१८ मे

मेंदू खरा मऊ झाल्यावर जाळी बिघडली. घटक वाळूच्या घड्याळासारखे एकाआड एक चिमटले. मधे एकच मोजणी बिंदू असलेल्या घटकांना हा आकार फुकट पडतो. या बनावट हालचालीला रोखण्यात खर्ची पडलेली ऊर्जा एकूण अंतर्गत ऊर्जेच्या ३१ टक्के. दहाच्या आत हवी, पाचच्या आत असेल तर उत्तम. रोखणारा गुणक वाढवला तर ऊर्जा कमी दिसते, पण मेंदूच कृत्रिमरीत्या कडक होतो. मग दाब बदलत नाही आणि स्ट्रेन गुपचूप घटतो.

चौमुखी घटकांवरही चार दिवस घालवले. जाळी पटकन होते, पण जवळजवळ न दबणाऱ्या पदार्थात साधे चौमुखी घटक अडकून बसतात. तीच चाचणी, तोच मॉड्युलस, स्ट्रेन ४० टक्के कमी.

शेवटी आठ मोजणी बिंदूंचे षट्फलकी घटक, दाब मात्र घटकभर एकच. पंधरा मिनिटांचा तास झाला. जाळी ४ मिमीवरून ३ मिमी केल्यावर स्ट्रेन ४ टक्क्यांनी हलला, तो चालवून घेतला.

२७ मे

२० रेडियन/सेकंदाचा बदल, २० मिलिसेकंदांत, तीन मॉड्युलसना. १ किलोपास्कलला मुख्य स्ट्रेन ०.४०, २ ला ०.३०, ४ ला ०.२२. हे आकडे सर्वांत जास्त स्ट्रेनचे पाच टक्के घटक वगळून उरलेल्यांतले सर्वांत मोठे आहेत. नुसता कमाल आकडा घेतला तर कोपऱ्यातला एखादा वाकडा घटक सगळं ठरवतो. मॉड्युलस चौपट झाला की स्ट्रेन साधारण निम्मा, वर्गमुळाच्या हिशोबाप्रमाणे.

प्रयोगशाळांतून प्रसिद्ध झालेले मेंदूचे मॉड्युलस एकमेकांपासून दहापटीहून जास्त दूर आहेत. म्हणून यापुढे स्ट्रेनचा एकच आकडा नोंदवायचा नाही, तिन्ही एकत्र. हार्डींच्या खुणांशी तुलना अजून बाकी, त्यासाठी चिकटपणा दोन वेळांवर उतरणारा घ्यावा लागेल.

ताटलीत पुढची ओतणी मेंदूच्या दोन अर्धांमधल्या पडद्यासकट : ओएचपी शीटची पट्टी भिंतीपासून ४५ मिमी आत, उभी, दोन्ही अंगांनी खरवडून, वरची कड शाईने काळी केलेली. ३१ ग्रॅम जिलेटिन भिजत घातलं आहे. उद्या पहाटे पहिली चाचणी.